डूम नावाचा गेम आणि आपल्या नगरपरिषदेचं सॉफ्टवेअर

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सरकारी कार्यालयांनी घेतलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मी इथे अधूनमधून लिहितो. 'सोर्स कोड ताब्यात घ्या' हे माझं पालुपद तुम्हाला आता पाठ झालं असेल. त्यावर चौकात भेटणारी माणसं एकच विचारतात, "भाऊ, तो कोड घेऊन नगरपरिषद त्याचं काय लोणचं घालणार?" प्रश्न रास्त आहे. कायदा, धोरण, निविदा या भाषेत त्याचं उत्तर द्यायला गेलं की लोक जांभया देतात. म्हणून आज उत्तर एका गेमच्या इतिहासातून देतो. गेम गोळीबाराचा आहे, राक्षस मारायचा. नाव डूम. माझ्या वयाच्या ज्यांनी पेंटियमच्या काळात कुणाच्या तरी फ्लॉपीवरून तो खेळलाय, त्यांना ती लाल-करडी भिंत आणि खाली मधोमध रक्ताळत जाणारा सैनिकाचा चेहरा लगेच आठवेल.

आपण तो डॉसवर खेळलो, म्हणून आपल्या डोक्यात तो पीसीचा गेम. पण तो जन्मला युनिक्सच्या मशीनवर, आणि आज तीस वर्षांनीही जिवंत आहे तो युनिक्सवर नेलेल्या एका बिनकमाईच्या आवृत्तीमुळे. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

युनिक्स म्हणजे काय, हे दोन ओळींत. बँका, विद्यापीठं, टेलिफोन कंपन्या, संशोधन संस्था यांच्या मोठ्या यंत्रांवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. एका यंत्रावर अनेक माणसं, अनेक कामं, आणि एकाचं काम कोसळलं तरी दुसऱ्याचं सुरू. आजचं लिनक्स त्याच घराण्यातलं, आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. गंमत अशी की युनिक्सच्या जन्मातच एक गेम आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने सूर्यमालेत यान फिरवण्याचा 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा खेळ लिहिला होता. मोठ्या संगणकावर एक डाव खेळायला सुमारे ७५ डॉलरचा यंत्रवेळ जायचा. साहेब लोकांना हा खर्च कसा दाखवणार? म्हणून त्याने कोपऱ्यात फारसं कुणी वापरत नसलेलं पीडीपी-७ हे छोटं यंत्र शोधलं आणि खेळ त्यावर नेला. त्या खटाटोपात यंत्राची नस कळली आणि पुढे त्याच यंत्रावर युनिक्सची पहिली आवृत्ती उभी राहिली. तेव्हा 'वर्कस्टेशनवर कसले गेम खेळताय' म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं.

डोळ्यांसमोर बोळ दिसतोय, वळणावर दुसरा खेळाडू उभा आहे आणि त्याला गोळी घालायची, ही कल्पनाही डूमची नव्हे. १९७३-७४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या पोरांनी इमलॅक नावाच्या यंत्रावर 'मेझ' बनवला, तोच या प्रकाराचा मूळपुरुष. नंतर तो एमआयटीत गेला आणि तिथे नेटवर्कवर खेळला जाऊ लागला. पुढे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या वर्कस्टेशनवर विमानांची झुंज होती. म्हणजे हजारो डॉलरच्या यंत्रांवर, गंभीर संस्थांमध्ये, संध्याकाळी सहानंतर काय चालायचं ते समजून घ्या.

आता डूमकडे. टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या मेस्किट गावात आयडी सॉफ्टवेअर नावाची छोटी कंपनी होती, १९९१ मध्ये सुरू झालेली. दोन जॉन तिचे खांब: जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो. विशीतली पोरं. त्यांचे आधीचे गेम डॉसच्या पीसीवर विकले गेले होते आणि डूमही तिथेच विकायचा होता. पण तो लिहायला त्यांनी घेतली नेक्स्टची यंत्रं.

नेक्स्ट म्हणजे स्टीव्ह जॉब्जची कंपनी. १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडावं लागल्यावर त्याने ती काढली. १९८८ मध्ये त्यांचा काळा ठोकळा बाजारात दाखवला गेला, विद्यापीठांसाठी किंमत ६,५०० डॉलर. आत युनिक्सवर बांधलेली नेक्स्टस्टेप ही सिस्टिम. यंत्र देखणं होतं, सरस होतं आणि विकलं गेलं नाही. सगळी मिळून सुमारे ५० हजार यंत्रं खपली आणि १९९३ मध्ये कंपनीने यंत्रं बनवणंच बंद केलं. पण याच पन्नास हजारांपैकी एकावर स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली याने वर्ल्ड वाइड वेब लिहिलं आणि काहींवर डूम. धंद्यात बुडालेल्या यंत्राच्या नावावर एवढी पुण्याई क्वचितच असेल.

पीसीचा गेम पीसीवरच का नाही लिहिला? ज्यांनी डॉसवर काम केलंय त्यांना हे सांगायला नको. डॉसवर तुमचा प्रोग्राम एका चुकीच्या जागी हात घालतो आणि अख्खं मशीन गोठतं. मग बटण दाबा, पुन्हा चालू करा, दोन मिनिटं थांबा, आणि चूक कुठे झाली याचा पुरावाही गेलेला. दिवसातून तीस-चाळीस वेळा असं झालं तर दिवस त्यातच संपतो. नेक्स्टवर प्रोग्राम मेला तर तेवढाच मरायचा. बाकीच्या खिडक्या जागच्या जागी, आणि प्रोग्राम कुठल्या ओळीवर मेला हेही दिसायचं. वर पडदा मोठा: ११२० बाय ८३२ ठिपक्यांचा. पीसीवर तेव्हा ६४० बाय ४८० म्हणजे चैन. गेमचे नकाशे काढण्यासाठी त्यांनी नेक्स्टवरच स्वतःचं हत्यार बनवलं, डूमएड. लिहायचं नेक्स्टवर, चालवून बघायचंही नेक्स्टवर, आणि मग तोच कोड पीसीवर नेऊन डॉससाठी तयार करायचा, अशी त्यांची कामाची पद्धत होती.

या पद्धतीचा एक परिणाम पुढे फार महत्त्वाचा ठरला. दोन वेगळ्या जातीच्या यंत्रांवर चालायचं असल्यामुळे बहुतेक सगळा गेम साध्या सी भाषेत लिहावा लागला. पडद्यावर भिंतीचे उभे पट्टे आणि जमिनीचे आडवे पट्टे रंगवणारा अगदी छोटा भाग तेवढा वेगासाठी यंत्राच्या भाषेत. त्या काळचे बाकी गेम म्हणजे पीसीच्या हाडामांसाला शिवून टाकलेले असत, उसवायचे म्हटले तर चिंध्याच.

दुसरी भानगड अंकांची. आपण मराठीत पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर. इंटेलचा पीसी मोठा आकडा मेमरीत ठेवताना मराठीसारखा लहान भाग आधी ठेवतो. नेक्स्टमधली मोटोरोलाची चिप, सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रं आणि सन कंपनीची स्पार्क यंत्रं मोठा भाग आधी ठेवायची. एका जातीच्या यंत्राने लिहिलेली फाईल दुसऱ्याने सरळ वाचली तर बावन्नचे पंचवीस होतात. डूमच्या नकाशांची आणि चित्रांची फाईल इंटेलच्या रीतीने लिहिलेली होती. पण मूळ कामच नेक्स्टवर चालू असल्यामुळे वाचताना उलटसुलट करून घेण्याची सोय कोडमध्ये पहिल्यापासून होती. त्यामुळे इतर युनिक्स यंत्रांची निम्मी वाट आधीच मोकळी झालेली.

आणि वेगाचं गुपित? पडदा ३२० बाय २००, रंग २५६, सेकंदाला ३५ ठोके. घरच्या ४८६ वर एवढं चालवणं सोपं नव्हतं. कारमॅकने इथे एक जुनं शास्त्र वापरलं. नकाशाची आधीच वाटणी करून ठेवायची: एक रेघ मारून दोन भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा दोन, असं करत शेवटच्या तुकड्यापर्यंत. भाऊबंदकीत शेताचे तुकडे होतात तसंच. फरक एवढाच की इथे वाटणीने भलं होतं. खेळाडू कुठे उभा आहे हे कळलं की कुठला तुकडा जवळचा, कुठला लांबचा हे त्या वाटणीच्या झाडावरून झटकन निघतं आणि न दिसणारी भिंत रंगवण्यात वेळ जात नाही. ही पद्धत १९८० मध्ये फुक्स, केडेम आणि नेलर या तिघांनी शोधनिबंधात मांडली होती. तेरा वर्षं ती विद्यापीठांत होती, घराघरात नेली ती एका गेमने.

१० डिसेंबर १९९३ ला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पार्कसाइडमधल्या सर्व्हरवर डूम चढवायचा ठरला. लोक आधीच दाराशी येऊन बसलेले. सर्व्हर इतका भरला की खुद्द कंपनीलाच फाईल चढवायला जागा मिळेना. पहिला भाग फुकट, मित्रांना वाटायलाही परवानगी. आवडला तर पुढचे दोन भाग पैसे देऊन मागवा. वर्षाच्या सुरुवातीला कंपनीने पत्रक काढून बढाई मारली होती की जगभरात कामाचा खोळंबा करण्यात आमचा गेम पहिल्या नंबरला असेल. पत्रकातल्या बढाया खऱ्या ठरल्याचं मी माझ्या नोकरीत फार वेळा पाहिलेलं नाही. ही ठरली. पहिल्या आवृत्त्या नेटवर्कवर खेळताना प्रत्येक निरोप सगळ्याच यंत्रांना ओरडून सांगायच्या. चार जण खेळायला बसले की उरलेल्या चारशे जणांचं नेटवर्क आडवं. कार्नेगी मेलन विद्यापीठाने आणि इंटेलसारख्या कंपनीने त्यावर बंदी घातली. पुढच्या काही महिन्यांत आलेल्या १.२ आवृत्तीत ही खोड काढली गेली.

इथे जॉब्जचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'नेक्स्टवर तयार केलेला गेम' अशी ओळ डूमवर टाकू का, असं आयडीने नेक्स्टला विचारलं होतं. जॉब्जने नकार दिला. पुढे डूमने जग हलवल्यावर त्याचा विचार बदलला, पण तोवर वेळ गेली होती. हे खुद्द कारमॅकने २०१८ मध्ये लिहिलंय. १९९६ च्या अखेरीस ॲपलने नेक्स्ट विकत घेतली आणि आजच्या मॅकची सिस्टिम त्याच नेक्स्टस्टेपवर उभी आहे.

आता युनिक्सवरच्या पोर्टची गोष्ट, म्हणजे आपल्या विषयाचा गाभा. आयडीत डेव्ह टेलर नावाचा प्रोग्रामर होता. त्याने डूम सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सवर नेला, सनच्या सोलारिसवर नेला, आयबीएमच्या एआयएक्सवर नेला आणि १९९४ मध्ये लिनक्सवर. लिनक्सची १.० आवृत्ती त्याच वर्षीच्या मार्चमधली, म्हणजे ती सिस्टिम तेव्हा पाळण्यात होती. या आवृत्त्या विक्रीचा माल नव्हत्या. हौस म्हणा, पुढची नजर म्हणा. हिशेबाच्या वहीत यांच्यापुढे जवळजवळ शून्य.

वर्कस्टेशनवर डूम चालवताना काय व्हायचं? युनिक्सवर खिडक्या काढण्याचं काम एक्स नावाची व्यवस्था करते. तिचं वैशिष्ट्य असं की प्रोग्राम एका यंत्रावर चालू शकतो आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसू शकते. ऐकायला छान. पण हिशेब करा. ३२० गुणिले २०० म्हणजे एका चित्राला ६४,००० बाइट. सेकंदाला ३५ चित्रं म्हणजे २२,४०,००० बाइट. त्या काळच्या १० मेगाबिटच्या इथरनेटवरून, दुसरं काहीही चालू नसताना, सेकंदाला जातात १२,५०,०००. म्हणजे लांबून खेळणं गेलंच. म्हणून एकाच यंत्रावर असाल तर चित्र नळीतून न ओतता दोघांच्या सामाईक मेमरीत ठेवायचं, प्रोग्रामने तिथे लिहायचं आणि एक्सने तिथूनच उचलायचं, अशी युक्ती टेलरने वापरली.

रंगांची वेगळीच तऱ्हा. बऱ्याच वर्कस्टेशनचा पडदा एका वेळी २५६ रंगच दाखवू शकायचा, आणि ते कुठले याची यादी सगळ्या खिडक्यांत एकच. डूमला सगळेच्या सगळे २५६ स्वतःचे हवेत. त्यामुळे डूमची खिडकी पुढे आली की बाकीच्या खिडक्यांचे रंग भलतेच व्हायचे. साहेब लांबून येतोय म्हणून खिडकी लपवावी तर रंगांच्या त्या झटक्यानेच चोरी कळायची. शिवाय ३२० बाय २०० चं चित्र मोठ्या पडद्यावर टपाल तिकिटाएवढं दिसायचं, म्हणून दुप्पट, तिप्पट, चौपट करायची सोय दिलेली.

आवाजासाठी टेलरच्या आवृत्तीत एक स्वतंत्र छोटा प्रोग्राम होता. गेम त्याला नळीतून निरोप पाठवणार, 'बंदूक वाजव', आणि तो वाजवणार. ही बारीकसारीक गोष्ट मुद्दाम सांगतोय. पुढचा सगळा इतिहास तिच्यावर फिरला.

२३ डिसेंबर १९९७ ला कारमॅकने डूमचा सोर्स कोड जगासाठी खुला केला. सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर. बाजारात आपल्याला मिळतो तो तयार प्रोग्राम, म्हणजे दळून पुडीत भरलेला गोडा मसाला. चव कळते, पण धने किती, दगडफूल किती, काय आधी भाजलं, हे पुडी बघून सांगता येत नाही. सोर्स कोड म्हणजे ते प्रमाण आणि कृती.

पण खुला झाला तो डॉसचा कोड नव्हे, ज्यावर कंपनीने पैसा कमावला. तो देताच येत नव्हता. डॉसच्या आवृत्तीत आवाज काढणारा भाग बाहेरून विकत घेतलेला होता आणि त्यावर दुसऱ्याचा हक्क. स्वतःच्याच गेमचा कोड कंपनीला वाटता येईना, कारण घराच्या एका खोलीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. बाहेरचा भाग घेतला ही आपली चूकच झाली, असं कारमॅकने कोडसोबतच्या टिपणात मोकळेपणाने लिहिलं. मग वाटता येण्यासारखं उरलं काय? ती लिनक्सची, बिनकमाईची आवृत्ती, जिचा आवाजाचा भाग वेगळा होता. बर्न्ड क्राइमायर याने ती साफसूफ केली, खरोखर चालते याची खात्री केली. प्रकल्प काही वर्षं हात न लावता ठेवला की तो कुजतो, असंही कारमॅकने तिथे म्हटलंय. हे वाक्य मी कागदावर लिहून टेबलासमोर लावलंय.

आधी परवाना होता तो बिनव्यापारी वापराचा. १९९९ मध्ये कोड जीपीएलखाली आला. म्हणजे कुणीही वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा, अट एकच: बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा कोडही द्यावा लागेल. राक्षसांची चित्रं, नकाशे, संगीत मात्र कंपनीचंच राहिलं. तेही नको म्हणणाऱ्यांनी फ्रीडूम नावाने सगळी चित्रं नव्याने काढली.

मग धबधबाच सुरू झाला. लिनक्सचा कोड लोकांनी उलटा डॉसवर नेला, विंडोजवर नेला, मॅकवर नेला. आज कॅमेऱ्यावर, प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर डूम चालवल्याचे व्हिडिओ तुमची पोरं बघतात, ते सगळं त्या १९९७ च्या मजकुराचं गोत. यात मला सर्वांत आवडलेला नमुना न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या डेनिस चाओ याचा, १९९९ मधला. युनिक्सवर एका वेळी शेकडो कामं चालू असतात आणि व्यवस्थापकाला नको असलेली मारावी लागतात. मारण्यासाठी जो आदेश द्यायचा त्याचं नावच मुळी 'किल'. चाओने प्रत्येक चालू कामाला डूममधला एक राक्षस केलं, डोक्यावर कामाचं नाव आणि नंबर. राक्षसाला जखमी केलं की कामाचा वेग कमी, ठार केलं की काम बंद. खोलीत गर्दी दिसली म्हणजे यंत्रावर ताण आहे. यावर त्याने रीतसर शोधनिबंध लिहिला, २००१ च्या एका मोठ्या परिषदेत वाचला. अडचण एकच निघाली: डूममधले राक्षस चिडले की आपसातही मारामारी करतात. व्यवस्थापकाने काही न करता महत्त्वाची कामं एकमेकांना मारून टाकत आणि यंत्र कोसळे. आमच्या काही स्थायी समित्यांची आठवण झाली, असो.

गेम हिंसक आहे, यात वाद नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, ते दोघे पोरगे डूम खेळायचे, आणि सगळं खापर गेमवर फुटलं. बंदुका कुठून आल्या हा प्रश्न विचारण्यापेक्षा ते सोपं होतं. तो वेगळा विषय आहे, इथे शिरत नाही.

मागच्या दिवाळीत इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला सोबत घेऊन १९९७ चा तोच मूळ कोड त्याच्या लिनक्स लॅपटॉपवर चढवला. सुधारलेल्या आवृत्त्या एका क्लिकवर मिळतात, पण मला मूळचाच बघायचा होता. पहिल्याच दमात अडला: एका फाईलच्या नावात 'एस' जास्त. ते अक्षर काढलं. मग कळलं की मेमरीतल्या जागेचा पत्ता चार बाइटांत मावतो असं कोड गृहीत धरतो, आणि आजच्या यंत्रात तो आठ बाइटांचा असतो. भाच्याने सांगितलं, ३२ बिटचा म्हणून बनवू. बनला. मग २५६ रंगांचा पडदा हवा म्हणून हटून बसला. आजचे पडदे लाखो रंगांचे, तर एका खिडकीत खोटा जुना पडदा उभा करून दिला. सुरू झाला. आवाज मात्र नाही आला, तो विषय संध्याकाळी फराळानंतर सोडून दिला. एकूण वेळ साडेतीन तास. गेमचा फुकट वाटलेला पहिला भाग वापरला, त्यामुळे चोरीचाही प्रश्न नाही. माझ्या भाच्याच्या जन्माआधी लिहिलेला मजकूर त्याला वाचता आला, कुठे अडतोय ते समजलं आणि दुरुस्त करता आलं. कंपनीला फोन नाही, कुणाची परवानगी नाही.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. मी २००१ मध्ये तालुक्याच्या एका साप्ताहिकात लागलो. पानं संगणकावर लागायची. मराठी टाइप करायला एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं आणि ते चालायला यंत्रामागे प्रिंटरच्या खोबणीत एक डबी लावावी लागायची. आमच्याकडे तिला 'लॉक' म्हणत. डबी काढली की मराठी बंद. अक्षरं साठवायची रीत त्या कंपनीची स्वतःची. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण आमच्या कचेऱ्यांपर्यंत ते यायला खूप वर्षं गेली. तोवर प्रत्येक फॉन्टवाल्याचा 'क' वेगळ्या घरात राहायचा. फॉन्ट नसेल तर बातमी उघडल्यावर दिसायचं नुसतं इंग्रजी अक्षरांचं भूत.

दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या. वारसाहक्काचं प्रकरण कोर्टात, २००३ मध्ये आमच्या साप्ताहिकात छापलेली जाहीर नोटीस हवी होती. कार्यालयातली छापील फाईल वाळवीने खाल्लेली. सीडी मात्र शाबूत, तारखेसह फाईल डोळ्यांसमोर. उघडेना. पानं लावायचं सॉफ्टवेअर बंद होऊन जमाना झाला, फॉन्टचं लॉक ज्या यंत्राला लागायचं ते भंगारात गेलं, नव्या यंत्राला ती खोबणच नाही. फॉन्टवाल्या कंपनीच्या जुन्या नंबरवर कुणी उचलेना. अखेर एका जुन्या वर्गणीदाराच्या माळ्यावर तो अंक निघाला म्हणून त्या बाईंचं काम झालं.

आता लोणच्याच्या प्रश्नाकडे. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंदी, बांधकाम परवाने हे सगळं आपली नगरपरिषद सॉफ्टवेअरवर ठेवते. ते आपल्या पैशातून बनलं. ठेकेदार बदलला किंवा ठेकेदाराने दुकानच बंद केलं तर नव्या माणसाला जुना कोड वाचता यायला हवा, आणि नोंदी कुणालाही उघडता येतील अशा स्वरूपात असायला हव्यात. नगरसेवकांनी कोड वाचावा असं कुणी म्हणत नाही. माझ्या भाच्यासारख्या कुणाला तरी तो वाचता येईल, एवढी सोय करारात लिहून घ्यायची. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं, त्याच वर्षी सरकारी प्रणालींचा कोड खुला करण्याचंही. म्हणजे मागणी काही हवेतली नाही. आणि डॉसच्या डूमचा तो आवाजाचा भाग लक्षात ठेवा. 'कोड आमचाच आहे' असं ठेकेदार म्हणेल तेव्हा त्यातला कुठला तुकडा बाहेरून घेतलाय आणि त्याची किल्ली कुणाकडे, हेही विचारायचं.

सध्याच्या ठेक्याची मुदत मार्चअखेर संपतेय. सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, तीन प्रश्न विचारलेत: सोर्स कोडची मालकी करारानुसार कुणाची, कोडची प्रत कार्यालयात आहे का, आणि ठेका संपल्यावर नोंदी कुठल्या स्वरूपात परत मिळणार. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल तसं इथेच टाकतो. शेजारच्या तालुक्यांतल्या कुणाला हेच प्रश्न आपापल्या नगरपरिषदेला विचारायचे असतील तर अर्जाचा मसुदा माझ्याकडून घ्या, नाव-पत्ता बदलून वापरता येईल.